रामटेके काका आणि पुढचं ऑइल सील

दिल्लीत द्वारकेच्या सोसायटीत राहायला येऊन मला आठवडाही झाला नसेल. सकाळी बेल वाजली. दार उघडलं तर समोर एक उंच, सडपातळ गृहस्थ उजव्या हाताचा अंगठा माझ्या नाकासमोर धरून उभे. अंगठ्याला काळपट, चिकट काहीतरी लागलेलं.

"वास घ्या," ते म्हणाले. अगदी मराठीत. दारावरची पाटी वाचून त्यांनी माझी भाषा परस्पर ठरवून टाकली होती.

दिल्लीत अनोळखी माणसाच्या अंगठ्याचा वास घेऊ नये, एवढी अक्कल मला होती. पण त्या आवाजात असा काही हुकूम होता की मी मुकाट्याने घेतला. सडक्या कांद्यासारखा वास आला आणि मी तसं सांगितलं.

"शाब्बास! म्हणजे हे गिअर ऑइल झालं. तुमच्या गाडीचं नाही, आमच्याच ट्रकचं. तुमच्यावर उगाच संशय घेतला." एवढं बोलून ते वळले आणि जिना उतरून चालते झाले. ना नाव सांगितलं, ना माझं विचारलं. मी आपली दारात उभी, नाकात कांदा घेऊन.

हे रामटेके काका. माझ्या वरच्या मजल्यावर राहायचे. मूळचे भंडाऱ्याकडचे. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या एका सरकारी खात्यात आयुष्य काढून निवृत्त झाले होते. राजस्थानपासून हिमाचलपर्यंत कुठे विंधनविहीर घेतली तर पाणी लागेल, हे सांगायचं त्यांचं काम. त्या कामासाठी खात्याने दिलेली चारही चाकांवर चालणारी, मागे उघडा हौदा असलेली छोटी ट्रक पुढे लिलावात निघाली, तेव्हा काकांनी ती स्वतःच घेऊन टाकली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चकचकीत मोटारींच्या रांगेत ती निळी ट्रक अशी उभी असायची, जशी लग्नाच्या पंगतीत कुणीतरी शेतातून तशीच उठून येऊन बसली आहे. तिच्या शेजारची जागा माझ्या वाट्याला आलेली. त्या दिवशीची गळती मागच्या चाकाकडची होती. काकांनी ती दोन दिवसांत बंद केली आणि मला बोलावून कोरडी फरशी दाखवली.

काका माणसांना नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी 'पुणे'. सोसायटीचे सेक्रेटरी 'मेरठ'. गेटवरचा गार्ड 'दरभंगा'. इस्त्रीवाल्या बाई 'हरदोई'. "पुणे, काय करून राहिली?" असं खालून ओरडले की मी बाल्कनीत यायची. पहिल्यांदा मला राग आला होता. मी म्हटलं, मला नाव आहे. तर म्हणाले, "नाव आईबापानं ठेवलं, त्यात तुझं काय? गाव म्हटलं की माणसाच्या खालचं पाणी कळते." पुण्याच्या खालच्या पाण्याबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं, हे मला नंतर समजलं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे पाना हातात घेण्याआधी बराच वेळ नुसतं बघत बसणं. "आधी पाहा, मग उचला" हे त्यांचं ब्रीद. गॅसची शेगडी असो, नळ असो, नाही तर माझा लॅपटॉप, समोर मांडी घालून बसायचे आणि बघायचे. लॅपटॉपसमोर तर ते इतका वेळ बसले की मला वाटलं, डुलकी लागली. शेवटी उठले आणि म्हणाले, "हे आपल्या खात्यातलं नाही." पाणी आणि तेल यांच्यावर मात्र त्यांचा जीव आणि विश्वास दोन्ही होता. "हे दोघं खोटं बोलत नाहीत. वाट सापडेल तिथून येतात आणि आपला पत्ता देऊन जातात."

आता ज्या माणसाला ट्रकमधला प्रत्येक थेंब ओळखता येत होता, त्याच्या घरात ट्रकला 'सवत' म्हणत. हे नाव काकूंनी ठेवलेलं. सुमनकाकू सरकारी रुग्णालयात सिस्टर होत्या, सिस्टर-इन-चार्ज म्हणून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, बोलायला कमी आणि बोलल्या तर एका वाक्यात निकाल. मुलीला त्यांनी एकटीनेच वाढवलं म्हटलं तरी चालेल, कारण काका वर्षातले निम्मे दिवस त्या ट्रकमध्ये असायचे. घरी आले की जैसलमेरच्या वाळूचं वर्णन, स्पितीच्या वाटांचं वर्णन. एकदा त्यांनी माझ्यासमोरच सुरू केलं, "सुमन, तिथं एक वळण आहे ना, तिथं उभं राहिलं की..."

"मला सांगून नका राहू," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "दाखवायचं असेल तर दाखवा."

काकांनी भाजीची एक जुडी स्वतःकडे ओढली आणि निवडायला घेतली. त्यामागची गोष्ट काकूंनीच मला नंतर सांगितली. लग्नानंतर काकांनी कबूल केलं होतं की एकदा तरी तुला माझ्या ट्रकमधून लांबच्या रस्त्याने नेईन. एका वर्षी हिमाचलचं ठरलं. बॅगा भरल्या, लाडू केले, मुलीला मावशीकडे पाठवलं. आदल्या संध्याकाळी खात्याचा निरोप आला, दुष्काळी भागात ताबडतोब निघा. काका त्याच ट्रकने निघाले. काकूंनी बॅग उघडून साड्या कपाटात परत लावल्या आणि लाडवांचा डबा नवऱ्याच्याच हातात दिला. "लाडू तरी फिरून आले," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या, म्हणून मीही हसले. पण घरी आल्यावर मला ते हसू काही पचलं नाही.

निवृत्तीनंतर जाऊ म्हणाले, तर आधी काकूंच्या आईचं आजारपण निघालं, मग मुलीचं बाळंतपण, मग करोना. दरम्यान काकू ट्रकमध्ये कधी बसल्याच नाहीत. बाजारात जायला रिक्षा, मुलीकडे जायला मेट्रो. वर्षातून एकदा त्या ट्रकबरोबर जायच्या, पण पायी.

तो दिवस म्हणजे चौदा एप्रिल. जयंतीच्या मिरवणुकीत काकांची ट्रक सगळ्यांत पुढे असे. हौद्यात पांढरे कपडे घातलेली पोरं, मधे फुलांनी सजवलेली तसबीर, आणि स्टीअरिंगवर काका, सिंहासनावर बसल्यासारखे ताठ. मागे बायका पांढऱ्या साड्यांत चालत, त्यांत काकू. मिरवणुकीच्या आधीचा पंधरवडा काकांचा उपासाचा काळ म्हणावा तसा. रोज सकाळी जुनी सतरंजी अंथरायची, ट्रकखाली शिरायचं आणि गंज लागू नये म्हणून खालचं सगळं लोखंड काळ्या जाड रंगाने रंगवायचं. वरचा निळा रंग शेवटी. मेरठ दरवर्षी वासाची तक्रार करायचे. "रामटेकेजी, नीचे कौन देखता है?" काका खालूनच उत्तर द्यायचे, "ऊपर से तो सब रंगते हैं, सेक्रेटरी साहब. जिनका जन्मदिन है, उन्होंने नीचे वालों को ही तो देखा." मेरठ नाकाला रुमाल लावून निघून जायचे. रंगाचा हात काकांचा अगदी सढळ. एक सांधा सुटायचा नाही, एक नट कोरडा राहायचा नाही.

मग एका वर्षी ट्रकचं दिल्लीतलं वय भरलं. जुन्या गाड्यांना इथे ठेवत नाहीत. एक तर भंगारात द्यायची, नाही तर बाहेरच्या राज्यात न्यायची. काकांची पुतणी प्रज्ञा भंडाऱ्याजवळ एक तलाव ठेक्याने घेऊन मासे वाढवत होती. तिला चिखलातून चालणारी गाडी हवीच होती. कागदपत्रं झाली, गाडी दिल्लीबाहेर न्यायचा परवाना आला आणि त्याच्यावर मुदत आली. जयंती झाली की निघायचं. काका जिना दोन दोन पायऱ्यांनी चढत वर गेले आणि काकूंना म्हणाले, "आता चल. दिल्ली ते भंडारा. हजारावर किलोमीटर. याच्यापेक्षा लांबचा रस्ता माझ्यापाशी उरला नाही."

काकूंनी चष्म्यावरून पाहिलं. "येते. पण हे शेवटचं. या वेळी मोडलं तर पुन्हा नाव काढायचं नाही. तुम्हीही नाही आणि मीही नाही." आणि खबरदारी म्हणून त्यांनी निघायच्याच तारखेचं रेल्वेचं तिकीट काढून फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलं. एकटीचं.

आणि नेमकी तेव्हाच पुढची गळती सुरू झाली.

पुढच्या दोन चाकांमधल्या आसाच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो, तेलाने भरलेला. तो डिफरेन्शियल. त्यातून दोन्ही बाजूंना नळ्यांमधून चाकांपर्यंत दांडे जातात, आणि गोळ्यातलं तेल चाकाकडे येऊ नये म्हणून वाटेत रबरी ओठांची एक कडी बसवलेली असते. ते ऑइल सील. डाव्या बाजूचं सील गळायला लागलं होतं. ही सगळी माहिती मला तोंडपाठ आहे, कारण त्या दिवसांत टॉर्च धरायचं काम माझ्याकडे होतं आणि काका काम करताना शिकवल्याशिवाय राहत नसत. मला शिकवलं, दरभंगाला शिकवलं, इस्त्री घ्यायला आलेल्या हरदोईलासुद्धा शिकवलं. तेल ब्रेकवर उतरत होतं. म्हणजे ब्रेक दाबला की गाडी थांबेलच, याची खात्री नाही. अशा गाडीत सुमनला बसवणार नाही, असं ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे.

काश्मिरी गेटच्या मोटर पार्टच्या बाजारातून त्यांनी नवं सील आणलं. चाक उतरवलं, हब काढला, लांब दांडा ओढून बाहेर काढून स्वच्छ फडक्यावर निजवला. नवं सील सरळ, तिरकं न होता ठोकून बसवायला त्याच्याच मापाचं काहीतरी गोल लागतं. काका वर गेले आणि काकूंचा हिंगाचा स्टीलचा डबा घेऊन आले. तंतोतंत माप! डब्याच्या बुडावर लाकडी ठोकळा ठेवून त्यांनी हलक्या हाताने सील आत घातलं. संध्याकाळी सगळं जोडून एक फेरी मारून आले आणि चाकाखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठ्यावर डाग होता.

त्यांनी पुन्हा सगळं उघडलं. जुन्या सीलच्या घासण्याने दांड्यावर बारीक खाच पडली होती. "हे पाहा, ओठ नेमका या खाचेत बसून राहिला." मग दुसरं नवं सील थोडं अलीकडे, दांडा गुळगुळीत होता तिथे येईल असं बसवलं. हिंगाच्या डब्याला आणखी एक पोचा आला. यावेळी काकांना इतकी खात्री होती की त्यांनी मेरठना चहाला बोलावलं. सकाळी पुठ्ठा पुन्हा ओला.

काकांनी पाने पेटीत ठेवून दिले. दोन दिवस ते ट्रकसमोर मांडी घालून नुसते बघत बसले, पण त्या बघण्यात पहिली मजा नव्हती. मी ऑफिसला जाताना हात केला तर मान हलवायचे. 'पुणे' म्हणून हाक नाही. मी माझ्या परीने सुचवलं की काका, टो करून पाठवू, तुम्ही दोघं राजधानीने जा. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी आपली जीभ चावली. ट्रक दुसऱ्या कुणाच्या पाठीवर बसून जाणार आणि सुमन रेल्वेत, हे चित्र त्यांना आत कुठेतरी लागत होतं. परवान्याची मुदत तर चाललीच होती.

रविवारी दुपारी काकू खाली आल्या. हातात चहाचा थर्मास आणि प्लॅस्टिकचं स्टूल. इतक्या वर्षांत त्या ट्रकजवळ अशा बसायला आल्याचं मी पाहिलं नव्हतं. स्टूल मांडून बसल्या, काकांना चहा दिला, मला दिला, आणि म्हणाल्या, "सांगा."

"काय सांगू?"

"या पोरीला सांगता, गार्डला सांगता. मला कधी सांगितलं, आत काय असते ते? पेशंट नवरा असला म्हणून हिस्ट्री घेऊ नये का?"

काका जरा लाजले. खरंच लाजले. मग फडक्याला हात पुसून अगदी पहिल्यापासून सांगायला लागले. गोळा, दात, दांडे, सील. चालून चालून तेल तापतं, आतली हवा फुगते. काकूंनी मधेच हात वर करून थांबवलं. "हवा फुगते. मग जाते कुठून?"

"वरून. नळीच्या डोक्यावर एक छोटी टोपी असते, ब्रीदर. तिच्यातून."

"दाखवा."

"आहे ना वर तिथं."

"दाखवा म्हटलं. आमच्या वेळी काचेच्या बाटलीतून सलाइन द्यायचो. बाटलीत हवेची सुई टोचायला विसरलं की थेंब बंद. नव्या पोरी नस शोधत बसायच्या, हात सुजवून ठेवायच्या, आणि चूक असायची वर बाटलीत. हवेची वाट आधी पाहावी."

काका ट्रकखाली सरकले. मी टॉर्च धरली. त्यांचा हात आसावरून फिरत राहिला, पुढे, मागे, पुन्हा पुढे. टोपी सापडेना. मग एका जागी बोट थांबलं. तिथे एक गुळगुळीत काळं टेंगूळ होतं, जाड, चकचकीत, सुंदर रंगवलेलं. काकांनी स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. एक पापुद्रा निघाला. त्याच्याखाली दुसरा. त्याच्याखाली आणखी. दरवर्षीच्या जयंतीचा एकेक थर. वाट पार बुजून गेली होती आणि आत कोंडलेली हवा तापली की तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती. सील बिचारं काय करणार.

काका बाहेर आले आणि तसेच जमिनीवर बसून राहिले. तळहातावर ते काळे पापुद्रे. ते काकूंपुढे धरून म्हणाले, "मीच बुजवलं, सुमन. माझ्याच हातानं."

मला वाटलं, काकू आता काहीतरी एका वाक्यात निकाल देतील. नाव ठेवायला याहून चांगली संधी मिळाली नसती. पण त्यांनी थर्मासच्या झाकणात उरलेला चहा ओतला आणि त्यांच्या हातात दिला. "कोणाच्या रागानं तर नाही ना बुजवलं," त्या म्हणाल्या. "पिऊन घ्या. मग उठा."

काकांनी डोळे पुसले ते तेलकट हातानेच, त्यामुळे गालावर काळा पट्टा उमटला. तो काकूंनी पुसला नाही आणि मीही सांगितला नाही. मला त्या क्षणी ते दोघं इतके आवडले की तिथून निघून जावंसं वाटलं. पण टॉर्च माझ्या हातात होती.

ब्रीदर काढून रॉकेलमध्ये धुतला. ताणून ताणून दोन्ही सीलं खराब झालेलीच होती, म्हणून तिसरं आणलं. ब्रेकवरचं तेल साफ केलं, जिथे पॅड चिंब झाले होते तिथे नवे घातले. काका नजफगडपर्यंत जाऊन आले, दोनदा. पुठ्ठा सकाळी कोरडा, दुसऱ्या सकाळीही कोरडा. तिकीट मात्र फ्रिजवरून हललं नाही. "राहू द्या," काकू म्हणाल्या. "पुठ्ठ्यावर विश्वास आहे, माणसावर अजून नाही."

ते गेले आणि परत आले नाहीत. म्हणजे तसं काही ठरलं नव्हतं, पण प्रज्ञाच्या तलावाच्या काठी काकांचं मन रमलं, मग दिल्लीची हवा नको वाटायला लागली, आणि पुढच्याच हिवाळ्यात काका झोपेत गेले. काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये होते. मी पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्यात उभी राहिले. काकूच बोलत राहिल्या, आणि त्यांना सांगायचं होतं ते त्या प्रवासाचं. ग्वाल्हेरच्या पुढे कसं ऊन लागलं, झाशीला कशी पुरी खाल्ली, सागरच्या पुढे घाटात गाडी थांबवून काकांनी दरीकडे बोट दाखवलं आणि काहीच वर्णन केलं नाही. "चार दिवस लावले ग आम्ही. दोन दिवसांत होते. मीच म्हणत होते, थांबवा." एवढं बोलून त्या पहिल्यांदा रडल्या.

मी काकांना शेवटचं पाहिलं ते त्या निघायच्या सकाळी. सामान हौद्यात ताडपत्रीखाली बांधलं होतं. काकूंनी मुलीचे जुने स्पोर्ट्स शूज घातले होते, साडी जरा वर खोचलेली, आणि काकांचा हात न धरता त्या दांडी पकडून पुढच्या सीटवर चढल्या. चढल्यावर त्यांनी सगळीकडे पाहिलं. काच, आरसा, समोरचा रस्ता. मग दार लावून घेतलं. मी बाल्कनीतून हात केला, दरभंगाने फाटक उघडलं, ट्रक बाहेर पडली.

आणि कोपऱ्यावरच थांबली. मी कठड्यावरून वाकले. काका उतरले, रस्त्याच्या कडेला आडवे झाले आणि पुढच्या डाव्या चाकाखाली सरकले. दुसऱ्या बाजूचं दार उघडलं. काकू उतरल्या, वळसा घालून आल्या, क्षणभर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग त्यांनी पदर खोचला, खाली बसल्या आणि त्याही आडव्या होऊन आत सरकल्या. बाल्कनीतून मला फक्त पाय दिसत होते. काकांचे काळे बूट आणि त्यांच्या शेजारी ते पांढरे स्पोर्ट्स शूज.

सील बघायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ ते पाय तसेच राहिले.

दरभंगा काळजीने वर बघत ओरडला, "मैडम, फिर से तेल गिरा क्या?"

"नहीं भैया," मी म्हटलं. कारण ट्रकखालून काकूंच्या हसण्याचा आवाज येत होता.